काही न मागता बसायचं कसं: मूक प्रार्थना नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

आमच्या मंडळीत प्रार्थना म्हटली की आवाज आलाच. चर्चमध्ये पाळकसाहेब करतात, मग वडीलधारे करतात, आणि कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरोघरच्या प्रार्थना सभेला, ज्याच्या घरी चहा असेल त्याची पाळी ठरलेलीच. मी त्यातच वाढले आणि आजही तिथं ‘आमेन’ म्हणायला मला आवडतं. पण अलीकडे उपासना संपली की चपला घालता घालता कोणीतरी हळूच विचारतं, ‘मॅडम, तुम्ही सकाळी नुसतं बसता म्हणे. म्हणजे करता काय नक्की?’

विचारणाऱ्यांत इंजिनिअरिंगची दोन पोरं आहेत, नुकती रिटायर झालेली एक नर्स आहे, आणि शुगर निघाल्यापासून चिडचिड वाढलेले एक काका आहेत. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं. मी सिस्टर नाही, सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकलेली नाही. शाळेत गणित शिकवलं, घर सांभाळलं आणि चौदा वर्षं सकाळी एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसत आले. जे स्वतः करून पाहिलं तेवढंच सांगते.

आधी एक शंका मिटवू

‘हे आपलं नाही, हे योगावाल्यांचं,’ असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. तर मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधार असताना उठून एकांतात जातो, आणि शिष्य त्याला शोधत फिरतात. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात शेकडो माणसं याच एकांतासाठी जाऊन राहिली. संत अँथनी त्यांच्यातले सगळ्यात नावाजलेले. ती परंपरा पुढं मठांमध्ये गेली, तिथून स्पेन-फ्रान्समध्ये आणि पूर्वेकडच्या चर्चमध्ये वाढली.

मराठीतही ती परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्सनी ख्रिस्तचरित्र ओवीत लिहिलं ते १६१६ साली छापलं गेलं, आणि ओवी हा काही घाईघाईनं वाचायचा प्रकार नव्हे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांची भजनं आपण दर रविवारी पेटी-तबल्यावर म्हणतो. त्यातलं एखादं एकदा पेटीशिवाय, एकट्यानं, अगदी हळू म्हणून बघा. मी कशाबद्दल बोलतेय ते त्यात सापडेल.

नव्या माणसानं एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. ही प्रार्थना काही मिळवण्यासाठी नाही. मन शांत व्हावं, बीपी उतरावं, निर्णय सुचावेत यासाठीही नाही. तसं झालं तर चांगलंच आहे, पण त्याची वाट बघत बसलात तर तिसऱ्या आठवड्यात उठून जाल. आजाऱ्याच्या उशाशी आपण बसतो तेव्हा सारखं बोलत नाही. आपण तिथं असतो, एवढं त्याला पुरतं. हे बसणंही तसंच आहे, फक्त इथं उशाशी कोण बसलंय आणि आजारी कोण, हे हळूहळू उलटं कळायला लागतं.

जागा

येशूनं सांगितलं, खोलीत जा, दार लाव. आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, दोन खोल्यांचं. एका खोलीत नवरा घोरतो आणि दुसरीत आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे चारपासून जाग्या असतात. दार लावायचं तर कुठलं? मी स्वयंपाकघरात, मोरीच्या भिंतीला पाठ लावून खुर्ची टाकली. समोर गॅसची टाकी. वर्षभर मला ती बाजूला ढकलावीशी वाटायची, आता तिच्याकडे लक्षही जात नाही.

तुम्हीही घरातली एक जागा ठरवा आणि ती बदलू नका. गच्ची चालेल, जिन्याची पायरी चालेल, सकाळी उघडं असेल तर चर्चचा मागचा बाक चालेल. रंकाळ्यावर बसेन म्हणाल तर तुमची मर्जी, पण तिथं ओळखीचं कोणीतरी भेटतंच आणि मग मिसळ ठरते. क्रूस किंवा मेणबत्ती समोर ठेवायची असेल तर ठेवा. पाठ ताठ, पाय जमिनीवर, हात मांडीवर. मांडी घालायची असं काही नाही. गुडघे दुखत असतील तर देवाला ते माहीत आहे.

आवाजाचं काय? पहाटेची अजान येते, जवळच्या देवळातला काकडा येतो, दूधगाड्या येतात, तालमीतली पोरं धावत जातात. पहिली दोन वर्षं मी या सगळ्यांवर मनातल्या मनात चिडत होते. शहर उठतंय आणि आपणही त्यात बसलोय, असं धरलं की त्रास कमी होतो. पूर्ण शांतता हवी असेल तर कोल्हापुरात ती फक्त दुपारी दोन ते चार मिळते, आणि तेव्हा झोप येते.

वेळ

पहिला महिना दहा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. पहिल्या दिवशी उत्साहात पाऊण तास बसणारे मी पाहिलेत आणि आठव्या दिवशी ते कुठं गेले तेही पाहिलंय. तालमीत नवा पोरगा आला तर वस्ताद त्याला पहिल्या दिवशी हजार जोर मारू देत नाहीत. अमेरिकेतल्या फादर थॉमस कीटिंग यांच्यासारखे शिकवणारे वीस-वीस मिनिटं दिवसातून दोनदा सांगतात. तिथवर जायला मला चार वर्षं लागली, आणि संध्याकाळचं बसणं आजही निम्मे दिवस चुकतं.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मोबाइलवर टायमर लावेन म्हणाल तर टायमर लावता लावता व्हॉट्सॲप दिसतं, हे मला सांगायला नको. शंभर-दीडशे रुपयांचा स्वयंपाकघरातला टायमर आणा. सारखं घड्याळाकडं बघावंसं वाटलं तर लाजू नका. आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२) प्रार्थनेच्या वाटेवरची मोठी गुरू. तिनं स्वतः लिहून ठेवलंय की बरीच वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तासाचा ठोका कधी पडतो इकडं जास्त असायचं.

सुरुवातीला मुदत हवीच असेल तर उपवासकाळ धरा. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, रविवार सोडून ४० दिवस. पण मुहूर्ताची वाट बघू नका, ४० दिवस कुठल्याही मंगळवारी सुरू होतात.

बसल्यावर करायचं काय

एक छोटं वाक्य घ्या. पूर्वेकडच्या चर्चमध्ये शेकडो वर्षं चालत आलेलं एक वाक्य आहे: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. त्याचा शेवट लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या जकातदाराच्या तोंडचा आहे, जो मंदिरात लांब उभा राहिला आणि वर बघायलाही धजला नाही. लांब वाटलं तर नुसतं ‘येशू, दया कर’. तेही जमलं नाही तर ‘बापा’ एवढाच शब्द. पाचव्या शतकात जॉन कॅशियन नावाच्या मठवासी लेखकानं ७०व्या स्तोत्रातली पहिलीच ओळ सुचवली होती, देवा धाव, मला मदत करायला त्वरा कर या अर्थाची. आमच्या नर्सबाईंना तीच जमली. आयुष्यभर इमर्जन्सीत काम केलेल्या बाईला ‘धाव’ हा शब्द जवळचा वाटणारच.

ते वाक्य मनात, श्वासाबरोबर, सावकाश म्हणायचं. श्वास मोजायचा नाही, अडवायचा नाही. थोड्या वेळानं वाक्य आपोआप विरळ होतं, मध्ये मोकळी जागा पडते. ती भरायला जाऊ नका. मन दुसरीकडं गेलं की वाक्याकडं परत या.

‘पण प्रभूनं व्यर्थ बडबड करू नका म्हटलंय ना?’ हा प्रश्न दर वेळी येतो, बहुतेक वेळा वडिलांच्या वयाच्या माणसाकडून. म्हटलंय. पण गेथशेमाने बागेत त्यानं स्वतः तीन वेळा प्रार्थना केली, आणि तिसऱ्या वेळीही तेच शब्द होते असं मत्तय मुद्दाम नोंदवतो. जास्त बोलल्यानं देव ऐकेल या समजुतीनं जी भर घातली जाते ती बडबड. घाम गाळणाऱ्याला दुसरे शब्द सुचत नाहीत म्हणून तेच शब्द येतात, ते वेगळं.

मन पळणार. किती? पहिल्या आठवड्यात मी गंमत म्हणून मोजलं, म्हणजे गणिताची खोड. दहा मिनिटांत छत्तीस वेळा. शाळेची फी, डाळ भिजत घातली का, नणंद लग्नात काय बोलली होती, पुन्हा डाळ. मी रडकुंडीला आले. मग एका वयस्क सिस्टरनं मला सांगितलं, ‘छत्तीस वेळा पळालं म्हणजे छत्तीस वेळा तू परत आलीस की.’ त्या दिवसापासून मी मोजणं सोडलं. परत येताना स्वतःवर ओरडू नका. रस्त्यावर पळालेल्या लेकराला हाताला धरून आणतो तसं आणा. ओरडून आणलं की ते दुसऱ्यांदा मुद्दाम पळतं.

झोप आली तर? येऊ दे. फ्रान्समधली लिझ्यूची संत तेरेजा (१८७३–१८९७) मठात राहूनही प्रार्थनेत झोपायची. तिचं म्हणणं असं की आईबापांना लेकरू झोपलेलंही तितकंच गोड वाटतं. मात्र रोजच झोप येत असेल तर रात्रीची मालिका बंद करा, त्यात अध्यात्म काही नाही.

शास्त्र वाचायचं, पण दळायचं नाही

पहिल्या महिन्यानंतर आठवड्यातले दोन दिवस वाक्याऐवजी वचन घ्या. बाराव्या शतकात गुइगो नावाच्या, कार्थुशियन या संन्यासी संघातल्या मठाधिपतीनं याचे चार टप्पे सांगितले: वाचणं, मनन, प्रार्थना आणि शेवटी नुसतं देवापुढं थांबणं. ऐकायला शाळेच्या धड्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ते घास खाण्यासारखं आहे. तोंडात घेतो, चावतो, चव लागते, गिळतो. चौथं काम शरीर आपलं आपण करतं.

एक सकाळ सांगते. मार्काच्या चौथ्या अध्यायातला दृष्टांत काढला होता, २६ ते २९ ओव्या… चुकलं, वचनं. टिळकांचा परिणाम. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला ठाऊक नाही. आधी पात, मग कणीस, मग भरलेला दाणा. मी एकदा हळू, ओठ हलवत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘झोपतो’ या शब्दाशी अडकले. तो झोपतो! मी तर रात्री दीड-दीड वाजेपर्यंत पोराच्या नोकरीची काळजी करत पडलेली. पुढं वाचलंच नाही. तो एक शब्द घेऊन बसले, मग त्याच शब्दाचं बोलणं झालं देवाशी, मग तेही थांबलं.

आत्तींना वाटलं मला वाचता येईना, म्हणून त्यांनी विचारलं काय आहे. मी दृष्टांत वाचून दाखवला. आत्तींची हयात करवीर तालुक्यातल्या उसात गेलेली. त्या म्हणाल्या, ‘कळून तरी काय करणार हाय गं त्यो? बी काय त्याच्यावर थांबलंय व्हय?’ या वचनांवर मी चांगली चांगली प्रवचनं ऐकलीत, त्यातलं एवढं काही डोक्यात राहिलेलं नाही.

तर कृती अशी. चार-पाच वचनांपेक्षा जास्त घ्यायची नाहीत. दोनदा, जमलं तर तीनदा वाचायची. जिथं अडकाल तिथं थांबायचं, अध्याय संपवायच्या मागं लागायचं नाही. वर्षात बायबल पूर्ण वाचायचा तक्ता फ्रिजवर लावला असेल तर तो वेगळ्या वेळेला ठेवा, या वेळेला नको. सुरुवातीला २३वं स्तोत्र टाळा. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे संडे स्कूलपासून इतकं पाठ असतं की जीभ पुढं पळते आणि आपण मागं राहतो.

बाकीचे तेवीस तास

सकाळची दहा मिनिटं आणि उरलेला दिवस यांच्यात भिंत राहिली तर ही सगळी मेहनत छंदासारखी होते. इथं मला ब्रदर लॉरेन्स फार जवळचा. १६१४ ते १६९१ हा त्याचा काळ. आधी सैन्यात होता, पायानं अधू झाला, मग पॅरिसमधल्या कार्मेल मठात दाखल झाला आणि तिथं वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबला. स्वयंपाकाची त्याला मुळात नावड होती, हे विशेष. पुढं पायामुळं उभं राहणं जमेना तेव्हा त्याला मठातल्या चपला दुरुस्त करायला बसवलं. कोल्हापुरात हे सांगितलं की माणसं लगेच खुशीत येतात. त्याचं म्हणणं साधं: भांडी घासताना आणि वेदीपुढं गुडघे टेकताना देव वेगवेगळा नसतो. जमिनीवरची काडी उचलायची तीही त्याच्यासाठी उचलावी.

हे करायचं कसं? दिवसातली तीन कामं ठरवा, जी रोज होतातच. माझी अशी: कणीक मळणं, शाळेत असताना वर्गाचं दार उघडणं, आणि केएमटीची, म्हणजे आमच्या सिटी बसची, वाट बघणं. त्या कामाला हात घातला की ते वाक्य एकदा म्हणायचं, बस. केएमटीनं मला भरपूर प्रार्थना करायला लावली आहे.

पुण्याला गेलेल्या एका पोरानं सिग्नलला हे सुरू केलं. लाल दिवा लागला की ‘येशू, दया कर’. आई म्हणते गाडी सावकाश चालवायला लागलाय. ते प्रार्थनेनं की दंडाच्या भीतीनं, ते तपासायला गेलेलो नाही.

रात्री पाच मिनिटं उजळणी. लोयोलाच्या संत इग्नेशियसनं (१४९१–१५५६) ही नीट बांधून दिली: आधी आभार, मग देवाकडं उजेड मागायचा, मग दिवस सकाळपासून नजरेखालून घालायचा, चुकलं त्याची माफी, आणि उद्याचं एखादं पाऊल. दुकानदार गल्ला मिटवताना वही बघतो तसं. फरक एवढाच की इथं तूट निघाली तरी कोणी ओरडत नाही. मोठी पापं शोधत बसू नका. आज कुठल्या क्षणी मन मोकळं झालं आणि कुठल्या क्षणी आकसलं, एवढं बघा. मला तीन आठवड्यांत कळलं की एका ठरावीक मैत्रिणीशी फोन झाला की मी संध्याकाळभर सगळ्यांना टोचून बोलते. चाळीस वर्षं चर्चला जाऊन ते कळलं नव्हतं.

कोरडे दिवस

इथं मला जरा जास्त थांबायचं आहे, कारण माणसं इथंच सोडतात.

सुरुवातीला बहुतेकांना गोड वाटतं. डोळ्यांत पाणी येतं, वचनं बोलल्यासारखी वाटतात. दोन महिने, सहा महिने. मग एक दिवस काहीच नाही. खुर्ची, टाकी, टायमर. वाक्य म्हणजे चावून चोथा झालेलं उसाचं कांडं. माझा असा काळ जवळजवळ दीड वर्ष चालला. त्या काळात मी एका शिबिराला गेले. तिथल्या वक्त्यांनी भर सभेत सांगितलं की प्रार्थनेत ज्याला रडू येत नाही त्याच्या जीवनात लपलेलं पाप आहे. मी घरी येऊन आठवडाभर पाप शोधलं. सापडली भरपूर, पण रडू काही आलं नाही. आज मला तसं कोणी म्हणालं तर मी उठून चहा प्यायला जाईन.

आविलाच्या तेरेसाचं एक रूपक इथं कामाला येतं, आणि ते आपल्याकडं समजावून सांगावं लागत नाही. प्रार्थना म्हणजे बागेला पाणी देणं. पाणी चार तऱ्हांनी येतं. विहिरीतून पोहऱ्यानं शेंदायचं, हात सोलून निघतात. रहाट लावायचा, कष्ट कमी आणि पाणी जास्त. नदी-ओढ्याचं पाणी पाटानं आणायचं. आणि चौथं, पाऊस, ज्यात माळ्याचा हात लागतच नाही. बाग देवाची, आपण माळी. पोहरा ओढणं आपल्याकडं, पाऊस नाही. आणि कधी कधी विहीरच कोरडी असते, तेव्हाही माळ्यानं विहिरीवर जायचं सोडू नये, असं ती सांगते.

त्याला मी आमच्याकडची एक गोष्ट जोडते. दर पावसाळ्यात बातमी येते, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले. ते कोणी बटण दाबून उघडत नाही. पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजा पाण्याच्याच जोरानं उघडतो. त्याआधी कितीही आरडाओरडा करा, उघडत नाही. आणि ते धरण सुरू करणारे शाहू महाराज १९२२ साली गेले, पूर्ण झालेलं धरण त्यांनी पाहिलं नाही.

गुऱ्हाळावर गेलात तर गुळव्याकडं बघत बसा. तासाभरात जे शिकाल ते मला इथं लिहून सांगता येणार नाही. काहिलीत रस उकळतोय, वर मळी येतेय, ती तो झाऱ्यानं काढतोय, पुन्हा येतेय, पुन्हा काढतोय. दीड-दोन तास दुसरं काही घडत नाही. बघणाऱ्याला वाटतं हा नुसता उभा आहे. मग तो थोडा पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि मान हलवतो: अजून नाही. चुलवाणात चिपाड घालणाऱ्या पोराला मी एकदा म्हटलं, जरा जाळ वाढव की, लवकर होईल. गुळव्यानंच उत्तर दिलं, ‘वैनी, जाळ वाढवला की गूळ काळा पडतोय. लवकर कुठं होतोय?’

स्पेनमधल्या संत योहानानं, ज्याला क्रूसाचा योहान म्हणतात, या कोरडेपणाला रात्र म्हटलं. तो हे खुर्चीत बसून लिहिणारा माणूस नव्हता. १५७७ साली त्याच्याच संघातल्या लोकांनी त्याला धरून टोलेडोत अंधाऱ्या कोठडीत डांबलं. आठ-नऊ महिन्यांनी, १५७८च्या ऑगस्टमध्ये, तो तिथून निसटला. त्याचं म्हणणं असं की देव गोडी काढून घेतो तेव्हा तो रागावलेला नसतो, मूल मोठं झालं म्हणून आई अंगावरचं दूध तोडते तसं ते असतं.

या काळात करायचं एवढंच: वेळ वाढवू नका, कमीही करू नका. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. नवी पद्धत शोधायला यूट्यूबवर जाऊ नका.

पण एक भेद नीट ओळखा. कोरडेपणा प्रार्थनेपुरता असतो. माणूस जेवतो, हसतो, कामाला जातो, फक्त खुर्चीत चव लागत नाही. जेवण तुटलं, झोप उडाली, कशातच रस नाही, जगू नये असं वाटतं, तर ती संतांची रात्र समजून बसू नका. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर असतो. ताबडतोब घरच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरकडं जा. कुणाच्या सांगण्यावरून चालू गोळ्या बंद करू नका. आपल्या भागात ज्या मिशनऱ्यांनी शुभवर्तमान आणलं त्यांनीच मिरजेला दवाखाना उभा केला, हे विसरायला नको.

धीर म्हणजे मुकाट सोसणं नव्हे

२०१९चा ऑगस्ट. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ धोका. त्या वर्षी ती ५५च्या वर गेली. आमच्या तळमजल्यात पाणी आलं आणि आम्ही पाहुण्यांच्या घरी, आठ माणसं एका हॉलमध्ये. लाईट नाही, हायवे बंद, प्यायचं पाणी टँकरचं. पाणी उतरायचं ते बोटभर बोटभर.

तेव्हा माझी सकाळची प्रार्थना कुठं होती? खरं सांगायचं तर नव्हती. खुर्ची पाण्यात होती. सलग चार वाक्यं मनात येत नव्हती. पण ‘येशू, दया कर’ हे चपात्या लाटताना येत होतं, न बोलावता. पूरग्रस्तांच्या छावणीसाठी गल्लीतल्या बायका चपात्या लाटत होत्या, कुठल्या धर्माच्या कोण ते विचारायला सवड नव्हती. नऊ वर्षं जे दहा-दहा मिनिटं साठलं होतं ते तेव्हा खर्चायला मिळालं.

आणि मी देवावर चिडलेही. ते चालतं. १३वं स्तोत्र काढा, पहिल्या दोनच वचनांत ‘किती वेळ?’ हा प्रश्न चार वेळा आहे. वाट बघणाऱ्यानं विचारायचं नाही असं शास्त्रात कुठं नाही. म्हणून मला एक गोष्ट खटकते: मार खाणाऱ्या सुनेला, पगार थकलेल्या कामगाराला ‘धीर धरा, प्रार्थना करा’ सांगून वाटेला लावणं. त्यांना आधी सोबत द्या, पोलिसात जायचं तर बरोबर जा, मग बसा प्रार्थनेला.

एकट्यानं फार दूर जाऊ नका

महिन्यातून एकदा कोणाशी तरी बोला. तुमचे पाळकसाहेब, फादर, सिस्टर, नाहीतर तुमच्या आधी चार वर्षं या वाटेवर असलेलं कोणी. कोल्हापुरात आपल्याला सोयी कमी नाहीत. अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वायल्डर १८५२ साली इथं आले तेव्हापासून उपासना चालू आहे. वायल्डर मेमोरियल, ऑल सेंट्स अशी जुनी चर्च आहेत, कॅथलिक मंडळी सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येते. कुठल्याही दारात जाऊन ‘मला गप्प बसून प्रार्थना करायला शिकायचंय’ म्हटलं तर कोणी हाकलून देणार नाही. फार तर आधी क्वायरमध्ये घेतील. चार दिवस बाहेर जाता येत असेल तर पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे, आणि फादर अँथनी डिमेलो यांनी सुरू केलेली साधना संस्था लोणावळ्याला.

माणूस निवडताना एकच कसोटी लावा: तो तुम्हाला स्वतःकडं ओढतोय की देवाकडं सोडतोय. जो तुमच्या स्वप्नांचे अर्थ लावायला लागतो, किंवा पहिल्याच भेटीत देणगीचं पाकीट पुढं करतो, त्याला नमस्कार करून निघा. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन मात्र सोडू नका. घरी खुर्चीत छान जमतंय म्हणून चर्चला न येणाऱ्या दोघांना मी ओळखते. दोघंही सध्या कशातच नाहीत.

आता उद्याचं. रात्री झोपताना खुर्ची जागेवर ठेवा, टायमर तिच्यावर ठेवा, वाक्य कुठलं ते ठरवून झोपा. उठल्यावर तोंड धुऊन लगेच बसा, ‘जरा हे उरकून’ म्हणालात की गेलं. आणि गॅसवर दूध ठेवून बसू नका. दहा मिनिटांत काय होतंय असं वाटतं. माझी दोन पातेली जळलीत, आणि दुसरं आत्तींच्या माहेरचं होतं.